ओळख पटण्याआधी

मराठीतील ‘ओळख’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. समोरची वस्तू किंवा व्यक्ती नेमकी कोण हे ठरविणे म्हणजे ओळख. आणि दोघांमध्ये परिचय, येणेजाणे, थोडा जिव्हाळा असणे म्हणजेही ओळखच. पोलीस ठाण्यात चोराची ओळख पटविली जाते, आणि सोयरीक जुळण्यापूर्वी दोन घरांची ओळख करून दिली जाते. आपल्या शेजारच्या तेलुगूत या दोन गोष्टींना दोन निराळे शब्द आहेत. खूण पटणे ते ‘गुर्तु’ आणि स्नेहसंबंध तो ‘परिचयम्’. दोन्ही भाषा कानावर घेत वाढलेल्या निर्मलच्या आपल्या जुन्या मराठी घरांना हा फरक सहज जाणवावा. मराठीने हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात का ठेवले असावेत? ज्याच्याशी परिचय नाही त्याची खूण पटणेही खरे नव्हे, असे तर तिला सुचवायचे नसेल? हा प्रश्न मला कोणा तत्त्वज्ञाच्या ग्रंथामुळे पडलेला नाही. तो पडला एका क्षुद्र मानल्या गेलेल्या जीवामुळे, भुंगेऱ्याच्या अळीमुळे.

माझी नोकरी राज्य शासनाच्या कृषी खात्यात झाली. पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील, म्हणजे २०१६ पासूनच्या निर्मल जिल्ह्यातीलही, कितीतरी शेतकरी प्लास्टिकच्या पिशवीत एखादे पान आणि त्यावरची अळी घेऊन येत. तेलुगू शेतकरी विचारी, ‘ए मंदु कोट्टाली?’ मुधोळ-भैंशाकडचा मराठी शेतकरी विचारी, ‘साहेब, कोणतं औषध मारू?’ दोन्ही प्रश्न शब्दशः एकच आहेत. दोन्ही भाषा विषाला औषध म्हणतात, आणि दोन्ही भाषांत ते औषध ‘मारले’च जाते. ‘हे काय आहे?’ असे मात्र क्वचितच कोणी विचारी. शिक्षेचे स्वरूप तेवढे विचारावयाचे राहिलेले असे. आरोपीचे नाव विचारण्याची गरज कोणाला वाटत नसे. येथेच एक नैतिक प्रश्न उभा राहतो. ज्याला मारण्याचे सामर्थ्य आपल्या हाती आहे, त्याला मारण्यापूर्वी ओळखून घेण्याचे कर्तव्य आपल्यावर आहे काय? आणि असेल, तर ते नेमके कोणावर?

प्रश्नाचे गांभीर्य कळण्यासाठी या जीवाविषयी थोडी माहिती आवश्यक आहे. भुंगेरा जन्मतः भुंगेरा नसतो. अंडे, अळी, कोष आणि मग पंखांवर कठीण कवच असलेला प्रौढ भुंगेरा, अशा चार अवस्थांतून तो जातो. शास्त्रीय मराठीत अळीला डिंभ म्हणतात. या चार अवस्थांत अनेकदा सर्वांत दीर्घ असते ती हीच अळीची अवस्था. काजव्याचेच उदाहरण घ्यावे. आपण ज्याला काजवा म्हणतो तो उडता, लुकलुकणारा जीव थोड्या आठवड्यांचा सोबती. त्याआधी कित्येक महिने तो ओल्या मातीत गोगलगायी खाणारी, पंख नसलेली, चपटी अळी असतो. म्हणजे आपण एका संपूर्ण आयुष्याला त्याच्या शेवटच्या काही दिवसांचे नाव देतो. शास्त्राने भुंगेऱ्यांच्या साडेतीन लाखांहून अधिक जाती नोंदविल्या आहेत. परंतु त्यांपैकी फार थोड्या जातींच्या अळ्यांचे वर्णन झालेले आहे. तेव्हा एखादी अनोळखी अळी पाहून तज्ज्ञही थबकतो, यात नवल नाही. नवल वाटते ते न थबकणाऱ्याचे.

न थबकल्याने काय होते, याची उदाहरणे आपल्या कपाशीच्या आणि वांग्याच्या शेतातच आहेत. कपाशीवर मावा पडला की त्यात एक काळसर, लांबट, नारिंगी ठिपक्यांची, अंगावर बारीक काटे असलेली अळी फिरताना दिसते. दिसते ती चिमुकल्या सुसरीसारखी, पाहताच अंगावर शहारा यावा अशी. ही ढालकिड्याची अळी. लाल-पिवळ्या कवचावर काळ्या खुणा मिरविणारा तो गोल, देखणा ढालकिडा मुलांनाही आवडतो. त्याची ही अळी आपल्या अल्प आयुष्यात शेकडो मावा फस्त करते. शेतकऱ्याच्या बाजूने लढणारा हा शिपाई केवळ त्याच्या रूपामुळे शत्रूबरोबर मारला जातो. उलट वांग्याच्या किंवा कारल्याच्या पानाच्या पाठीमागे एक पिवळी, फांद्याफांद्यांच्या काट्यांची अळी असते. ती पानातील हिरवा भाग खरवडून खाते आणि मागे केवळ शिरांची जाळी ठेवते. ही खरी नुकसान करणारी. गंमत अशी की या दोघी एकाच कुळातल्या. दोघींचे प्रौढ भुंगेरे गोल, ठिपक्यांचे आणि सारखेच देखणे. रूपावरून न्याय करू जावे तर सुसरीसारखी उपकारक अळी मरते, आणि कुळावरून न्याय करू जावे तर वांगे खाणारा भुंगेरा सन्मानाने सुटतो. माणसांच्या बाबतीत आपण या दोन्ही कसोट्या किती सहजतेने वापरतो, हे येथे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

तिसरे उदाहरण अधिक विचार करायला लावणारे आहे. क्रिप्टोलीमस नावाचा एक लहानसा भुंगेरा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून दक्षिण भारतात आणला गेला. आणला होता कॉफीवरील खवले किडीसाठी; परंतु तो येथे रुजला तो पिठ्या ढेकणाचा भक्षक म्हणून. द्राक्ष आणि सीताफळाच्या बागांत आजही तो मुद्दाम सोडला जातो. त्याच्या अळीच्या अंगावर मेणाचे पांढरे धागे असतात, त्यामुळे ती हुबेहूब पिठ्या ढेकणासारखीच दिसते. पिठ्या ढेकणाच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात. त्या मुंग्यांपासून या पांढऱ्या आवरणामुळे अळीचा बचाव होतो, असे मानले जाते. म्हणजे निसर्गाने तिला शत्रूच्या गोटात वावरण्यासाठी शत्रूचाच वेष दिला. पण मुंगीपासून वाचविणारा हाच वेष माणसापुढे तिचा घात करतो. बागायतदार पाहतो की पिठ्या ढेकूण वाढला, मोठा झाला, चालूही लागला, आणि तो पंप उचलतो. वास्तविक थोडे निरखून पाहिले असते तरी फरक कळला असता. पिठ्या ढेकूण बहुधा जागीच चिकटून बसतो. ही अळी त्याच्याहून मोठी होते आणि भक्ष्याच्या शोधात चपळपणे फिरते. रंग सारखा, वागणे निराळे. वागणे पाहण्यास वेळ लागतो, रंग पाहण्यास लागत नाही, एवढाच काय तो प्रश्न.

अळ्यांच्या या स्वसंरक्षणाच्या रीती पाहिल्या की प्रथम मन थक्क होते आणि लगेच त्यातून नीतिबोध काढण्याचा मोह होतो. आपल्या तळ्यांच्या काठी माजलेल्या बेशरमीच्या पानांवर किंवा रताळ्याच्या वेलावर कासवाच्या पाठीसारखा एक भुंगेरा असतो. त्याची अळी आपली टाकलेली कात आणि पुष्कळदा आपली विष्ठाही शेपटीकडच्या दुभंगलेल्या काट्यावर साठविते आणि ते ओझे छत्रीसारखे पाठीवर धरते. मुंगी जवळ आली की ती छत्री तिच्या दिशेने वळविते. या कुळातील काही भुंगेरे पुढे सोन्यासारखे झळकतात. घाण पाठीवर वाहणाऱ्याला शेवटी सोन्याचे रूप मिळते, असा एखादा बोध येथे सहज काढता येईल. ढालकिड्याची अळी दुखावली गेली की अंगातून कडवट पिवळा द्रव सोडते. काजव्याची अळीही प्रकाशते. पावसाळ्यातल्या रात्री ओल्या गवतात स्थिर, मंद, हिरवट ठिणगी दिसते ती बहुधा तिची. प्रौढ काजव्याचा प्रकाश जोडीदारासाठी असतो. अळीचा प्रकाश ‘मी बेचव आहे, माझ्या वाटेला जाऊ नका’ असे सांगणारा असावा, असे अभ्यासक मानतात. म्हणून एक अळी लबाड, दुसरी गलिच्छ आणि तिसरी प्रामाणिक, असे आपण म्हणावे काय? मला वाटते, म्हणू नये. लबाडीला हेतू लागतो. या अळ्यांना ही रूपे त्यांच्या असंख्य पूर्वजांच्या जगण्या-मरण्यातून मिळाली. आपल्या निर्मलचे नकाशी कारागीर पोनिकीच्या हलक्या लाकडातून खऱ्याचा भास व्हावा अशी फळे घडवितात, त्यामागे कारागिराचा हेतू असतो आणि पाहणाऱ्याचा आनंद असतो. अळीच्या रूपामागे कोणी कारागीर बसलेला नाही. तेव्हा तिला पाहून आपण फसलो तर ‘तिने फसविले’ हे म्हणणे आपल्या बाजूचे आहे. फसणे आपले, आणि त्याची जबाबदारीही आपलीच.

येथे पक्षी आणि माणूस यांच्यातील भेद पाहण्याजोगा आहे. पक्षी कडवट अळी एकदा चोचीत धरतो, टाकून देतो आणि तो रंग पुढे लक्षात ठेवतो. त्याच्या निवाड्याची किंमत त्याच्याच जिभेला मोजावी लागते, म्हणून तो शिकतो. माणसाने मात्र निवाडा आणि परिणाम यांच्यामध्ये मोठे अंतर निर्माण केले आहे. कोणते विष विकायचे हे एक ठरवितो, कोणते फवारायचे हे दुसरा, आणि पंप पाठीवर घेतो तिसरा. २०१७ साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीस-एक शेतकरी व शेतमजूर दगावले. कडू चव लागली ती पंप धरणाऱ्याला. ठरविणाऱ्यांपर्यंत ती क्वचितच पोहोचते. ज्याला आपण ‘औषध’ म्हणतो ते अळी आणि माणूस यांत भेद करीत नाही, हे त्या वर्षी दिसले. न ओळखता मारण्याची सवय अखेर अळीपाशी थांबत नाही.

याला एक सबळ आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, ज्याची कपाशी आठवड्यात हातची जाऊ शकते, त्याने अळीचे वागणे निरखीत बसावे, हे सांगणे निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला सोपे आहे. आक्षेप खरा आहे. म्हणूनच मी हे कर्तव्य शेतकऱ्याच्या दारात नेऊन ठेवीत नाही. ओळखण्याचा भार सामर्थ्याच्या आणि सवडीच्या प्रमाणात वाटला गेला पाहिजे. ज्यांना ओळखण्यासाठी पगार मिळतो, ज्यांना शिक्षण मिळाले, जे औषध विकून नफा मिळवितात, त्यांच्यावर तो अधिक. शेतीशाळांमधून मित्रकीटक आणि शत्रुकीटक बांधावर बसून दाखविण्याची जी पद्धत आली, तिचे मोल मला यासाठीच वाटते. ती ओळखण्याचा भार एकट्याच्या खांद्यावर न ठेवता सर्वांत वाटते.

दुसरा गैरसमजही दूर केला पाहिजे. ओळखून घेणे म्हणजे सोडून देणे नव्हे. खपरा भुंगेऱ्याची अळी साठविलेल्या गव्हाचा भुसा करते. तिच्या अंगावरचे काटेरी केस झडून धान्यात मिसळतात. ती कोठाराच्या भेगांत दडून अन्नावाचून दीर्घ काळ, प्रसंगी वर्षानुवर्षे, निपचित राहू शकते. आपल्या मातीतला हा ‘खपरा’ याच नावाने साऱ्या जगात कुप्रसिद्ध आहे. त्याची ओळख पटल्यावर दयेला जागा उरत नाही. उलट ओळख पटल्यामुळेच कोठाराच्या भेगा बुजविण्याचे सुचते. हुमणीचेही तसेच. पिकाच्या मुळ्या खाणारी ही पांढरी, अर्धवर्तुळात वळलेली अळी शेतकऱ्याला नकोशी वाटणारच. पण शेणखताच्या ढिगात सापडणारी प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते. फुलांवर येणाऱ्या काही भुंगेऱ्यांच्या अळ्या हुबेहूब तशाच दिसतात, परंतु त्या कुजलेला पालापाचोळा खाऊन खत अधिक चांगले करतात. सपाट जागी ठेवली की अशी अळी पाय वर करून पाठीवर सरपटत जाते. हुमणी तसे करीत नाही. एका क्षणाच्या या परीक्षेने निरपराध आणि अपराधी वेगळे होतात. एवढा क्षण देणे हे न्यायाचे किमान मोल म्हणावे लागेल.

तरीही ‘मित्र’ आणि ‘शत्रू’ ही नावे आपण आपल्या सोयीने दिलेली आहेत, याचेही भान हवे. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात नोंदले गेलेले गाजरगवत देशभर पसरले, तेव्हा ते खाणारा एक भुंगेरा १९८३ साली मेक्सिकोहून बंगळूरला आणला गेला आणि पुढच्या वर्षी शेतांत सोडला गेला. त्याची अळी आणि प्रौढ भुंगेरा दोन्ही गाजरगवताची पाने खातात. साहजिकच तो ‘मित्र’ ठरला. काही वर्षांनी तो सूर्यफुलाची पाने खाताना आढळला आणि लगोलग ‘शत्रू’ म्हणून त्याच्याविरुद्ध ओरड सुरू झाली. पुढे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले की सूर्यफुलाच्या पानांवर गाजरगवताचे परागकण पडल्यामुळे तो त्या पानांकडे वळत होता. भुंगेरा तोच, त्याची भूकही तीच; बदलले ते आपले शब्द. आणि शेतात असे कितीतरी जीव असतात जे ना मित्र, ना शत्रू. ते केवळ तिऱ्हाईत असतात. त्यांच्यासाठी आपल्या बोलण्यात नावच नसते, आणि ज्याला नाव नाही त्याच्या मरणाची नोंदही होत नाही.

या ठिकाणी आपल्या परंपरेतील एक प्रसिद्ध दृष्टान्त आठवतो. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यांतील शेवटचा गुरू म्हणजे मातीचे घर बांधणारी कुंभारमाशी, जुन्या भाषेत भृंग. ती एक अळी आणून घरात कोंडते. भयाने तिचेच ध्यान करीत ती अळी अखेर भृंगरूप होते, असा हा कीटभृंगन्याय. नाथांनी याच स्कंधावरील आपली टीका १५७३ साली काशीस पूर्ण केली, आणि संतवाङ्मयात हा दृष्टान्त ठिकठिकाणी आढळतो. प्रत्यक्षात घडते ते वेगळे. माशी अळीला नांगी मारून लुळी करते आणि तिच्याजवळ अंडे घालते. अंड्यातून निघालेले माशीचे पिलू ती जिवंत अळी खाऊन वाढते आणि घर फोडून बाहेर येते. जमिनीखाली हुमणीची शिकार करणाऱ्या गांधीलमाश्याही हेच करतात. म्हणून दृष्टान्त खोटा ठरतो काय? ध्यानाने ध्याता ध्येयरूप होतो हा सिद्धान्त माशीवर अवलंबून नाही. त्याचा आधार साधकाच्या अनुभवात आहे. परंतु अळीच्या बाजूने पाहू गेल्यास ज्याला आपण शतकानुशतके मुक्ती म्हणत आलो ते मरण होते. पूर्वजांच्या निरीक्षणात खोट नव्हती. कोंडलेली अळी आणि बाहेर आलेली माशी त्यांनी नीट पाहिली होती. बंद घराच्या आत काय घडते तेवढे पाहावयाचे राहिले. बाहेरून दिसणाऱ्या दोन टोकांवरून मधला प्रवास ठरविणे किती धोक्याचे असते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

मग अळीची ओळख खात्रीने पटवावी कशी? शास्त्राचे उत्तर साधे आहे. अळीला ती ज्या पानावर सापडली ते पान रोज ताजे द्यावे, हवेशीर बरणीत ठेवावे आणि वाट पाहावी. ती कात टाकील, कोषात जाईल, आणि एक दिवस भुंगेरा होऊन स्वतःच आपले नाव सांगेल. आता जनुकीय चाचणीनेही अळी ओळखता येते. पण तिची जुळणी करण्यासाठी कोणीतरी आधी पूर्ण वाढलेल्या भुंगेऱ्याची ओळख पटवून ठेवलेली असावी लागते. म्हणजे ओळख पटविण्याचा हा जुना, खात्रीचा मार्ग त्या जीवाला वाढू देण्यातूनच जातो. मारून ठेवलेल्या नमुन्याने काय होते, हे सोनेरी कासव-भुंगेरा दाखवितो. त्याचे सोने रंगद्रव्यात नसते. अंगावरच्या ओलसर, पातळ थरांतून परतणाऱ्या प्रकाशात असते. टाचणीला टोचून पेटीत ठेवला की ओल सुकते, सोने उतरते आणि फिकट तपकिरी कवच उरते. खूण पटविण्यासाठी ते पुरेसे असेल. परंतु ज्याने तो केवळ पेटीत पाहिला त्याला तो सोन्याचा होता हे सांगूनही पटणार नाही.

जैनांच्या दशवैकालिक सूत्रात दयेच्या आधी ज्ञानाला स्थान दिलेले आहे. ज्याला जीव कोणता आणि अजीव कोणता हे कळत नाही, तो संयम पाळणार कसा, असा त्यामागचा विचार. म्हणूनच त्या परंपरेने इंद्रियांच्या संख्येवरून जीवांचे वर्गीकरण इतक्या बारकाईने केले. आपण अहिंसेला बहुधा हृदयाचा गुण समजतो. तेथे ती डोळ्यांची आणि बुद्धीचीही शिस्त आहे. मला वाटते, न्यायाच्या बाबतीतही हाच क्रम लागू पडावा. दया करावयाची की शिक्षा, हा नंतरचा प्रश्न. खपऱ्याला मारण्याचा आणि ढालकिड्याला राखण्याचा अधिकार एकाच ठिकाणाहून येतो, आणि ते ठिकाण म्हणजे ओळख. ती पटविण्याआधी केलेली दयाही आंधळीच असते.

नोकरीची वर्षे संपली की माणसाजवळ निवाड्याचे अधिकार राहत नाहीत. सवड मात्र राहते. आपल्यापैकी पुष्कळांच्या परसात वांगी, कारली, कढीलिंब असतात, आणि सुट्टीत नातवंडे येतात. एखादी अनोळखी अळी दिसली तर पायाखाली घेण्याऐवजी ती पानासकट बरणीत ठेवावी, तोंडाला फडके बांधावे आणि मुलांना रोज पान बदलू द्यावे. त्यातून निघेल तो मित्र असेल, शत्रू असेल, किंवा आपल्या भाषेत ज्याला अद्याप नाव नाही असा तिऱ्हाईतही असेल. काय करायचे ते तेव्हा ठरविता येईल. तोवर मुलांना रोज पान बदलता बदलता एका जीवाशी, मराठीतल्या दोन्ही अर्थांनी, ओळख झालेली असेल.